कोड आठ: खात्री नाही

जानेवारीतली दुपार, तीन वाजून गेलेले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावाबाहेर ओढ्याच्या कडेला बीडच्या ऊसतोड टोळीच्या पंधरा-वीस कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या. पहाटे चारला फडात गेलेली माणसं ट्रक भरून नुकती परतली होती. पुरुष वाढ्यांच्या भाऱ्यांना टेकून पडलेले, बाया चुलीपुढे. आम्हाला मुलाखतीला मिळते ती एवढीच वेळ, चूल पेटल्यापासून अंधार पडेपर्यंत. बाई भाकरी थापत उत्तरं देते आणि आपण धुरात डोळे चोळत टॅबवर बोट फिरवतो.

ऊसतोडीला येणाऱ्या बायांची गर्भनिरोधकं, गरोदरपणं आणि वर्षाच्या आतली मुलं हा आमच्या अभ्यासाचा विषय. एरवी मी मुलाखती घेत नाही, सर्वेक्षण करणाऱ्या मुलींनी आणलेले फॉर्म तपासते. त्या दिवशी एक मुलगी तापाने झोपली होती म्हणून तिच्या जागी मी गेले. प्रशिक्षणात मुलींना मीच बजावलेलं असतं की 'दिवस गेलेत का?' या प्रश्नाला होय किंवा नाही असंच उत्तर आलं पाहिजे. तिसरा पर्याय आहे, कोड आठ, 'खात्री नाही'. पण तो वापरायचा म्हणजे कंटाळा केला, असं माझं म्हणणं. आदल्याच आठवड्यात दोन फॉर्मांवर आठ दिसला म्हणून एका मुलीला मी चांगलंच झापलं होतं.

ज्या कोपीत बसले तिथली बाई चोवीस वर्षांची. तीन लेकरं. धाकटी बांबूला बांधलेल्या झोळीत, थोरली आठ वर्षांची तिला झोका देत बसलेली. शाळा गावाकडे राहिली. धाकटीची जन्मतारीख आईला सांगता येईना. आम्ही सणांवरून तारखा काढतो. "आखितीच्या आधी चार दिस" म्हणाली. आखिती म्हणजे अक्षय्य तृतीया, तर नऊ महिने होऊन गेलेले. वजनकाटा आढ्याच्या बांबूला अडकवला, पोरीला त्यात घातलं. ६ किलो १०० ग्रॅम. या वयाच्या मुलीचं वजन आठच्या पुढे असायला हवं. कुपोषण मोजायची दंडाची पट्टी पिवळ्यावर थांबली, म्हणजे धोक्याच्या टप्प्यावर. पोर रडली नाही, काट्याची तबकडी कुतूहलाने बघत राहिली. इतकी शांत पोर दिसली की मला बरं वाटत नाही.

"सध्या दिवस गेलेत का?"

"न्हाई बाई. मी इंजेक्शनवर हाय."

मी 'नाही' दाबलं. खरं तर पुढच्या पानावर जायचं, पण कार्ड असेल तर बघायचं असा नियम. तिने छपरातल्या पाचटात खोचलेली प्लास्टिकची पिशवी काढली. आधार, रेशनकार्ड आणि त्यांच्यामध्ये 'अंतरा' इंजेक्शनचं कार्ड. पहिला डोस १८ जून. पुढची तारीख १८ सप्टेंबर. त्यापुढचे रकाने कोरे.

"सप्टेंबरात गेला नाहीत?"

"गेले व्हते की. सिस्टर म्हनल्या संपलंय, फुडच्या आठवड्यात या. मंग सोयाबीन आलं. मंग दिवाळी, आन् गाडी."

"आणि पाळी?"

"येतच न्हाई. म्हंजी अजून आसर हाय न्हवं?"

हसण्यासारखं यात काही नव्हतं. अंतरा हे तीन महिन्यांचं इंजेक्शन, २०१७ पासून सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. तारीख चुकली तरी चार आठवड्यांपर्यंत पुढचा डोस देता येतो. या इंजेक्शनने पाळी मागेपुढे होते, कुणाला डाग लागत राहतात, कुणाची पाळी थांबते. त्यात ही अंगावर पाजणारी, त्यानेही पाळी लांबते. पाळी नाही म्हणजे इंजेक्शन काम करतंय, हा तिने लावलेला अर्थ आपल्या जागी चोखच होता. फक्त हे काम कधी संपतं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मग तिने न विचारता पुढचं सांगितलं. इंजेक्शन घेतल्यावर पहिल्या महिन्यात वीस दिवस अंगावरून जात होतं. तालुक्याच्या एका खाजगी डॉक्टरने सोनोग्राफी केली, गर्भाच्या पिशवीला सूज आहे म्हणाला, काढून टाकलीत तर कटकट मिटेल. टोळी आणणाऱ्या मुकादमाच्या बायकोचंही तेच मत, तिने स्वतः काढलेली. आता पुढच्या हंगामाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, हातात आली की त्यातून हिचं ऑपरेशन व्हायचं होतं. भाकरी उलटता उलटता तिने हे सांगितलं, घरावर पत्रे टाकायचेत म्हणावं तसं. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीने बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची माहिती घेतली तेव्हा १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहांत एक. हे आकडे मी कितीतरी भाषणांत वापरलेत. त्या आकड्यांकडे जाणारी वाट इंजेक्शनच्या साध्या डागांपासूनही सुरू होत असेल, हे मला त्या चुलीपुढे कळलं.

बरोबर गावच्या आशा कार्यकर्त्या, आशाताई होत्या. त्यांच्या पिशवीत 'निश्चय'चं, गरोदरपण तपासायचं किट होतं. विचारलं, तपासायचं का? ती जरा वेळ आमच्याकडे बघत राहिली, मग भाकरी थोरलीच्या हवाली करून उसात जाऊन आली. औषधाच्या बाटलीचं टोपण, त्यात लघवी. आशाताईंनी ड्रॉपरने तीन थेंब टाकले आणि पट्टी पालथ्या परातीवर ठेवली. पाच मिनिटं थांबायचं असतं. पहिली रेघ लगेच आली. दुसरी आली ती इतकी फिकी की मी मोबाइलचा टॉर्च लावला. मग ती गडद होत गेली.

"किती म्हैने?" एवढंच तिने विचारलं. ते पट्टी सांगत नाही.

तिला विचारून आशाताई मुकादमाकडे गेल्या, कारण कशाचं ते न सांगता 'बाईची तपासणी' एवढंच सांगितलं. मुकादम वाईट माणूस नव्हता, त्याचा हिशोब वेगळा होता. इथे नवराबायको मिळून एक कोयता. ती गेली की कोयता अर्धा, आणि खाडा, म्हणजे कामाला न आल्याचा दंड, दोघांच्या नावावर. "ट्रक येनार न्हाई त्या दिवशी न्या." पाच दिवसांनी तसा दिवस मिळाला. तोवर ती रोज मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढत होती.

दवाखान्यात जाण्याआधी मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. ठेवायचं की नाही हे ठरवताना कायद्याने सही फक्त तिची लागते, नवऱ्याची नाही. आणि इंजेक्शननंतर डाग जातात म्हणून पिशवी काढायची नसते. दुसरी गोष्ट तिने दोनदा विचारून घेतली. पुढे तिने काय ठरवलं ते मला माहीत आहे, पण ते तिचं.

रात्री मुक्कामावर फॉर्म उघडला. 'दिवस गेलेत का?' पुढे मी दाबलेलं 'नाही' तसंच होतं. किटवरून ते 'होय' करायचं नाही. बाईने जे सांगितलं तेच नोंदायचं, हा नियमही माझाच. त्याखाली महिन्यांचं कॅलेंडर, दर महिन्यापुढे साधनाचा कोड. जून ते ऑगस्ट इंजेक्शन. सप्टेंबरपासून शून्य, म्हणजे काही वापरत नाही. असं भरलं की ही बाई तक्त्यात साधन न वापरणाऱ्यांत जाणार, आणि अहवालात कुणीतरी लिहिणार की यांच्यात जागृती कमी आहे. तिच्या हिशोबाने ती त्या दुपारपर्यंत इंजेक्शनवर होती. तिच्या सप्टेंबरसाठी माझ्या कॅलेंडरमध्ये कोड नव्हता. शेऱ्याच्या चौकटीत सगळं लिहिलं. दोनशे अक्षरांची मर्यादा आहे, त्यात बसेल तेवढं. शेरे कोण वाचतं, हे मला ठाऊक आहे, कारण मीही वाचत नाही.

मग ज्या मुलीला झापलं होतं तिला फोन लावला. ते दोन आठवाले फॉर्म, त्या बायांना परत विचारलंस का?

"विचारलं होतं मॅडम. दोघी तेच म्हणाल्या, पाळी नाही पण काय माहीत. मग तुम्ही रागावलात म्हणून दोन्हीकडे 'नाही' करून टाकलं."

"कोप्या आठवतात का कुठल्या?"

"एक आठवते," ती म्हणाली. "दुसरी टोळी परवाच हलली."