शायॅनचे स्टेशन

डेन्व्हरहून उत्तरेला सुमारे १६० किलोमीटरवर असलेल्या शायॅनला, म्हणजे वायोमिंग राज्याच्या राजधानीला, मला केवळ तेथील रेल्वे स्टेशन पाहायला जायचे आहे हे ऐकून भाची हसली. "मामा, तिथं प्रवासी गाडी येतच नाही, माहीत आहे ना?" मला ते माहीत होते. १९९७ मध्ये 'पायोनिअर' ही गाडी बंद झाली आणि शायॅनची नियमित प्रवासी वाहतूक संपली. त्यामुळे रेल्वेने वसवलेल्या गावाचे स्टेशन पाहायला आम्ही मोटारीने निघालो.

'वसवलेल्या' हा शब्द येथे शब्दशः घ्यावा. जुलै १८६७ मध्ये युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीचे मुख्य अभियंता ग्रेनव्हिल डॉज यांनी उघड्या माळावर ही जागा मुक्रर केली आणि नोव्हेंबरात रूळ येऊन पोहोचले, तोवर तंबूंत आणि फळ्यांच्या खोपटांत काही हजार माणसे राहायलाही आली होती. काम पुढे सरकले की मागची अशी गावे ओस पडत. शायॅन टिकले, त्याला मुख्य कारण भूगोलाचे. गाव सुमारे ६,००० फुटांवर आहे आणि पश्चिमेला लगेच शेर्मनची चढण सुरू होते, जिचा माथा मूळ मार्गावर ८,२४७ फुटांवर होता. आपल्याकडे घाट चढवण्यासाठी कर्जतला बँकर इंजिने लावतात, तशीच जास्तीची इंजिने येथेही लागत. ती ठेवायला यार्ड आणि दुरुस्तीला कारखाने हवे होते, आणि कारखाने म्हणजे कायमचे कामगार. १८७० मध्ये डेन्व्हरचा फाटाही येथे येऊन मिळाला.

पुढे गुरांच्या धंद्यात गाव गब्बर झाले आणि गावाच्या ऐपतीला शोभेल असे स्टेशन १८८६ मध्ये बांधायला घेतले गेले. कंपनीचे अध्यक्ष त्या वेळी चार्ल्स फ्रान्सिस ॲडम्स होते. अमेरिकेच्या दोन राष्ट्राध्यक्षांच्या घराण्यातले, एकाचे नातू आणि दुसऱ्याचे पणतू. आराखडा हेन्री व्हॅन ब्रंट यांनी केला. शैली वास्तुविशारद रिचर्डसन यांनी रूढ केलेली, म्हणजे जाड भिंती, बुटक्या खांबांवरच्या रुंद अर्धगोल कमानी आणि मुद्दाम खडबडीत ठेवलेला दगड. फोर्ट कॉलिन्सच्या परिसरातील खाणींतून आणलेला हा वालुकाश्म दोन रंगांचा आहे, तांबडा आणि पिवळसर. मी भिंतीवरून बोट फिरवले, तेव्हा बारीक लाल कण बोटाला चिकटून आले.

बांधकाम चालू असतानाच १८८६-८७ चा तो कुप्रसिद्ध हिवाळा आला. बर्फाखाली गवत गाडले गेले, माळावर गुरे लाखांनी मेली आणि ज्या श्रीमंतीकडे पाहून ही इमारत उभी राहत होती तिचा कणाच मोडला. स्टेशन १८८७ मध्ये पुरे झाले ते असे, सुगी संपल्यावर बांधलेल्या कणगीसारखे. त्याच वर्षी, राणीच्या ज्युबिलीच्या निमित्ताने, मुंबईच्या बोरीबंदरला व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव मिळाले. व्हीटीच्या नक्षीची सवय असलेल्या माझ्या डोळ्यांना शायॅनची इमारत आधी अंमळ रुक्ष वाटली, पण कॅपिटल ॲव्हेन्यूच्या मध्यावर जाऊन मागे वळून पाहिले तेव्हा तिचा डौल कळला. रस्त्याच्या दक्षिण टोकाला स्टेशनचा घड्याळाचा मनोरा आहे, उत्तर टोकाला विधिमंडळाचा घुमट, आणि दोन्ही इमारती समोरासमोर उभ्या आहेत. विधिमंडळाची कोनशिला मे १८८७ ची, म्हणजे स्टेशनच्या पायाभरणीनंतरची. राज्याचा दर्जा तर १८९० मध्ये मिळाला. या गावात रेल्वे आधी आणि सरकार मागाहून, हा क्रम रस्त्यावर उभे राहून दिसतो.

आतल्या भागाला १९२९ मध्ये आर्ट डेको पद्धतीचे नवे रूप दिले गेले. त्यानंतरची हकीकत मला थोडक्यात उरकावीशी वाटते, कारण ती उताराची आहे. प्रवासी मोटारींकडे आणि विमानांकडे वळले. १९७९ मध्ये तर डेन्व्हरमार्गे जाणाऱ्या गाडीला शायॅनला येऊन उलटे फिरावे लागू नये म्हणून थांबाच गावाबाहेर हलवला गेला आणि एवढे देखणे स्टेशन असताना लोक माळावरच्या एका आडठिकाणी गाडी पकडू लागले. त्या ठिकाणाचे नाव बोरी. बोरीबंदरच्या माणसाने यावर काय बोलावे!

१९९३ मध्ये कंपनीने इमारत शहराच्या आणि काउंटीच्या हवाली केली, आणि २००६ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. आता येथे रेल्वे संग्रहालय आहे, खालच्या मजल्यावर खानावळ आहे आणि वर कोलोरॅडोच्या डोंगरी नॅरोगेजची मोठी प्रतिकृती आहे. तिच्यातल्या बोटभर उंचीच्या पुलांपाशी मी अर्धा तास रेंगाळलो.

मागच्या खिडकीतून यार्ड दिसते. 'बिग बॉय' मालिकेतील ४०१४ क्रमांकाचे अजस्र वाफेचे इंजिन याच गावात दुरुस्त होऊन मे २०१९ मध्ये पुन्हा धावू लागले. त्या दिवशी मात्र ते दिसले नाही. पूर्वेकडून एक मालगाडी आली, एकावर एक कंटेनर चढवलेली. जुन्या सवयीने मी वाघिणी मोजू लागलो. ऐंशीच्या पुढे गेलो असेन, तेवढ्यात भाचीने खालून हाक मारली आणि मोजणी चुकली.