सिगारेट सुटली असे केव्हा म्हणायचे?

डॉक्टरेटसाठी केलेल्या चाचणीचे निष्कर्ष मला दोनदा मोजावे लागले. सहा महिन्यांनी ज्यांच्याशी संपर्क झाला, त्यांच्यापैकी सिगारेट सुटलेल्यांचे प्रमाण पहिल्या मोजणीत इतके चांगले दिसले की मला मनापासून आनंद झाला. माझ्या मार्गदर्शकांनी तक्ता शांतपणे वाचला आणि एवढेच विचारले, "ज्यांनी फोन उचलला नाही, ते यात कुठे आहेत?" ते कुठेच नव्हते. चाचणीत नाव नोंदवलेला प्रत्येक जण हिशेबात धरायचा आणि ज्याच्याकडून उत्तर येत नाही त्याचे धूम्रपान सुरू आहे असे मानायचे, हा नियम मला पाठ होता. परंतु तो स्वतःच्या आकड्यांना लावल्यावर यश किती आक्रसते, हे मी तेव्हा प्रथमच अनुभवले. सार्वजनिक आरोग्याची प्राध्यापक म्हणून आज मी जे काम करते, त्याचा बराचसा भाग त्या एका प्रश्नातून निघालेला आहे.

त्याआधी मी छातीच्या विकारांच्या विभागात काम करत होते. धाप लागून दाखल झालेला रुग्ण जरा बरे वाटताच जिन्याखाली जाऊन सिगारेट ओढून येई आणि आमच्यापैकी अनेक जण त्याला मनाचा कमकुवतपणा म्हणत. मीही म्हटले आहे, आणि त्याची खंत मला अजून वाटते. अमेरिकेच्या सर्जन जनरलचा, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य सल्लागाराचा, 1988 चा अहवाल वाचल्यावर माझी समजूत बदलली. सिगारेट आणि तंबाखूचे इतर प्रकार व्यसन लावतात, त्याला निकोटिन कारणीभूत आहे आणि या व्यसनामागील प्रक्रिया हेरॉइन किंवा कोकेनच्या व्यसनासारखीच आहे, असे त्यात स्पष्ट मांडलेले होते. झुरका घेतल्यापासून दहा ते वीस सेकंदांत निकोटिन मेंदूपर्यंत पोहोचते आणि साधारण दोन तासांत रक्तातील त्याचे प्रमाण निम्मे होते. म्हणजे रात्रभर झोपलेला माणूस सकाळी जागा होतो तोच निकोटिनच्या तुटवड्यात. जिन्याखाली जाणारा तो रुग्ण आपल्या सल्ल्याचा अवमान करत नव्हता. त्याचे शरीर त्याला तिकडे ओढत होते.

संशोधनाकडे वळल्यावर पहिले वर्ष मी समुपदेशकांच्या शेजारी बसून केवळ ऐकण्यात घालवले, आणि माझ्या सगळ्या शिक्षणात ते वर्ष मला सर्वांत मोलाचे वाटते. निकोटिनचे व्यसन किती घट्ट आहे हे गुणांत मोजणाऱ्या फागरस्ट्रोम चाचणीत सहा प्रश्न असतात. दिवसाला किती सिगारेटी ओढता, हा त्यांतला एक. परंतु उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळात पेटवता, या प्रश्नाचे उत्तर मला त्याहून बोलके वाटू लागले. पाच मिनिटांच्या आत, असे उत्तर असेल तर पूर्ण तीन गुण मिळतात, आणि अशा माणसाला नुसत्या उपदेशावर परत पाठवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याला औषधाचा आधार हवा, तल्लफ कोणत्या वेळी येते याची नोंद हवी आणि पहिल्या आठवड्यात विचारपूस करणारे कोणीतरी हवे, कारण आधाराविना सोडू पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांची सिगारेट पहिल्या आठ दिवसांतच पुन्हा सुरू होते.

आता त्या मोजणीविषयी. "सोडली" असे कोणी सांगितले की त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो, पण औषधाचा परिणाम ठरवताना तेवढ्यावर भागत नाही. श्वासातील कार्बन मोनॉक्साइड मोजणारे यंत्र सोपे आणि स्वस्त असले तरी हा वायू काही तासांतच शरीरातून उतरत जातो, त्यामुळे ते फार तर मागच्या एका दिवसाची साक्ष देते. लाळेतील कोटिनिन काही दिवस टिकते. मात्र ते निकोटिनपासूनच तयार होत असल्याने निकोटिनची पट्टी किंवा च्युइंगम वापरणाऱ्याच्या लाळेतही आढळते, आणि मग सिगारेट कोणती व उपचार कोणता हे वेगळे काढता येत नाही. 2005 मध्ये मांडल्या गेलेल्या रसेल मानकाने या गोंधळाला शिस्त लावली. सहा किंवा बारा महिन्यांच्या काळात पाचपेक्षा जास्त सिगारेटी नकोत, शेवटी श्वासाच्या तपासणीत त्याला पुष्टी मिळायला हवी, आणि ज्यांचा ठाव लागत नाही त्यांना धूम्रपान करणारे धरावे. अपवाद फक्त मृत्यू पावलेल्यांचा आणि पत्ता बदलल्याने शोधता न येणाऱ्यांचा. पाच सिगारेटींची ही सवलत काहींना ढिलाई वाटते. मला ती न्याय्य वाटते, कारण एकदा घसरणे आणि पुन्हा व्यसनात जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पदे, बढत्या, नाकारले गेलेले निधीचे अर्ज यांविषयी सांगण्यासारखे थोडेच आहे. ते सर्वांच्याच वाट्याला येते. एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली. व्हॅरेनिक्लिन या सिगारेट सोडण्यासाठीच्या औषधामुळे मानसिक त्रास उद्भवू शकतो, असा ठळक इशारा अमेरिकेत 2009 पासून औषधाच्या माहितीपत्रकावर होता, आणि त्या काळात नैराश्य असलेल्या अनेकांना आम्ही हे औषध देण्याचे टाळले. 2016 मध्ये आठ हजारांहून अधिक जणांवरील ईगल्स चाचणीचे निष्कर्ष आले. तिच्यातील जवळपास निम्म्या सहभागींना मानसिक आजाराचा पूर्वेतिहास होता, तरीही औषधामुळे असा त्रास लक्षणीय वाढल्याचे दिसले नाही आणि सिगारेट सोडण्यात सर्वाधिक मदत व्हॅरेनिक्लिनचीच झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस तो इशारा काढण्यात आला. आमची सावधगिरी चुकीची होती असे मी म्हणणार नाही; पण त्या सात वर्षांत परत पाठवलेल्या माणसांचे चेहरे मला आठवतात.

साठी गाठलेले एक गृहस्थ आमच्या दोन चाचण्यांमध्ये सहभागी झाले होते आणि दोन्ही वेळा त्यांच्या नावापुढे "धूम्रपान सुरू" अशी नोंद झाली होती. तिसऱ्यांदा ते आले तेव्हा "आता या वयात सोडून काय मिळणार?" असे त्यांनी विचारले. ब्रिटिश डॉक्टरांचा पन्नास वर्षे पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासात साठीच्या सुमारास सिगारेट सोडणाऱ्यांना सुमारे तीन वर्षांचे आयुष्य अधिक लाभल्याचे दिसले होते, ते मी त्यांना सांगितले. ते ऐकून घेऊन ते म्हणाले, "मागच्या वेळी मी तुमचा फोन मुद्दाम उचलला नाही. पुन्हा सुरू झाली हे तुम्हाला सांगायची लाज वाटली."

ज्या रिकाम्या रकान्याला आम्ही नियमाने एक अर्थ देत आलो होतो, त्यात ही लाज होती. त्यानंतर आम्ही नावनोंदणीच्या दिवशी प्रत्येकाला सांगायच्या मजकुरात दोन वाक्यांची भर घातली, आणि आमच्याकडे येणारा नवा विद्यार्थी आजही ती आधी शिकतो: "सिगारेट पुन्हा सुरू झाली असली तरी आमचा फोन नक्की घ्या. तुमचे उत्तर आम्हाला तितकेच हवे आहे, आणि पुढचा प्रयत्न केव्हा करायचा ते आपण त्याच फोनवर ठरवू."