आईची नवमी आणि वडिलांचा नकार

गणपती विसर्जन होऊन पितृपंधरवडा लागला की कऱ्हाडला आणि गावाकडे भेटणारी माणसे मला एक प्रश्न हमखास विचारतात. आईची अविधवा नवमी तुम्ही अजून करता, मग वडिलांचा म्हाळ का घालत नाही? तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो. उत्तर दोन वाक्यांत मावत नाही, आणि रस्त्यात उभ्या उभ्या दिले तर ते उर्मट वाटते, असा माझा अनुभव आहे.

विचारणाऱ्यांचे दोन गट आहेत. जाणत्या, शास्त्र पाळणाऱ्या मंडळींचे म्हणणे असे की मी सगळेच उलटे करतो. आई आधी गेली, वडील नंतर. भाद्रपद वद्य नवमीचे श्राद्ध हे अहेवपणी गेलेल्या स्त्रीसाठी असते आणि पती हयात असेपर्यंत ते करावे, पतीच्या निधनानंतर ते थांबवून त्याच्या तिथीला त्याच्याबरोबरच तिलाही पिंड द्यावा, अशी अनेक घरांची रीत आहे. दुसरा गट वडिलांच्या परिवर्तनवादी मित्रांचा आणि त्यांच्या मुलांचा. वडिलांचा शब्द पाळलात ते बरे केलेत, पण मग घरात गुरुजी कशाला येतात, असे ते विचारतात. पहिल्या गटाला मी अर्धा नास्तिक वाटतो आणि दुसऱ्याला अर्धा सनातनी.

वडिलांविषयी सांगणे सोपे आहे, कारण त्यांनी मागे काही संदिग्ध ठेवलेच नाही. पन्नासच्या दशकात ते साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात ‘कमवा व शिका’ योजनेत शिकले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली नसती, तर आपण आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधावर राबलो असतो, असे ते नेहमी म्हणत. वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे सोने आणि अखेर मंगळसूत्रही मोडले, ही हकिकत सांगताना त्यांचा आवाज बदलत असे. जोतीरावांच्या अंत्ययात्रेत 1890 साली सावित्रीबाई स्वतः टिटवे, म्हणजे प्रेतापुढे धरायचे विस्तवाचे मडके, धरून पुढे चालल्या, ही दुसरी हकिकत. ती मात्र ते भावकीत कुणी गेले की मुद्दाम सांगत, आणि त्यामुळे मयताच्या घरी त्यांना बोलावताना लोक जरा बिचकत.

त्यांनी वहीच्या पानावर लिहून ठेवले होते: दहावे नको, तेरावे नको, कावळ्याची वाट पाहू नये, रक्षा नदीत सोडू नये. कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात, त्या प्रीतिसंगमावर नाहीतर माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर रक्षा नेण्याची आमच्या घराण्याची पद्धत होती. त्याऐवजी तिसऱ्या दिवशी आम्ही ती मळ्यात खड्डा घेऊन टाकली आणि वर आंब्याचे रोप लावले. आमच्या भागातील अनेक गावांत आता असेच करतात, त्यामुळे फारसा गहजब झाला नाही. चुलते मात्र वर्षभर माझ्याशी मोजके बोलले.

आईचे तसे नव्हते, आणि माझ्या प्रश्नकर्त्यांना नेमके हेच लक्षात येत नाही. ‘आईवडील’ असे आपण एका दमात म्हणतो, भिंतीवर त्यांचा फोटोही एकाच चौकटीत लावतो, पण ती दोन माणसे होती आणि मरणोत्तर काय व्हावे याविषयी त्यांची मते आयुष्यभर वेगळी राहिली. आईने वडिलांशी वाद घातल्याचे मला आठवत नाही. तिने आपले काम चालू ठेवले, एवढेच. दरवर्षी ती सासूची नवमी करी. पिंडाला चुलते बसत आणि वडील अंगणात वर्तमानपत्र वाचत. स्वयंपाकात तांदळाची खीर, वडे, कढी, गवार, भोपळा, अळूची भाजी आणि आमसुलाची चटणी यांतले काही चुकत नसे. पान वाढले की वडीलही येऊन जेवत, आणि खीर दोनदा घेत. (विचारस्वातंत्र्याची आमच्या घरातली व्याप्ती साधारण इतकी होती.)

नवमीवर तिचा एवढा जीव का, हे मी तिला एकदा विचारले होते. तिने दिलेले कारण धार्मिक नव्हते. वर्षातल्या त्या एका दिवशी या घरात येऊन गेलेल्या बायकांची नावे कुणीतरी मोठ्याने घेते, असे ती म्हणाली. गुरुजी संकल्पात आई, आजी आणि पणजी अशा तीन पिढ्यांची नावे उच्चारतात, आणि सासूच्या सासूचे नाव तिला केवळ त्यामुळे ठाऊक होते.

हे बोलणे मला खरे कळले ते तलाठी कार्यालयात. नव्वदच्या दशकात लक्ष्मी मुक्ती योजनेखाली वडिलांनी आपणहून सातबाऱ्यावर आईचे नाव लावून घेतले होते. गावात तेव्हा त्याची थट्टा झाली होती. आई गेली, वारसाची नोंद झाली, फेरफार मंजूर झाला आणि तिच्या नावाला कंस पडला, म्हणजे ते उताऱ्यावरून कमी झाले. फेरफाराच्या जुन्या नकला मी त्या वेळी पहिल्यांदा काढल्या. त्यांत आजोबा, पणजोबा, त्यांचे भाऊ, सगळे सापडले, पण पणजीचे नाव मला कुठे दिसले नाही. ते मला तोंडपाठ होते, कारण दर भाद्रपदात ते कानावर पडत आले होते.

वडील गेल्यावर गुरुजींनी सौम्यपणे सुचवले की आता नवमी थांबवावी आणि दोघांचे मिळून वडिलांच्या तिथीला करावे. हिशेब असा झाला की वडिलांना श्राद्ध नको, म्हणून त्यांची तिथी नाही, आणि त्यांची तिथी नाही, म्हणून आईचेही काही नाही. जिने उभ्या हयातीत नवऱ्याचा विरोध हसून बाजूला ठेवला, तिची एकमेव इच्छा त्याच्या नकारात बुडवायची, हे मला पटेना. मी नवमी चालू ठेवण्याचे ठरवले. काही घराण्यांत ती पतीच्या पश्चातही चालू ठेवतात, हे गुरुजींनीच नंतर सांगितले, आणि ते आजही येतात.

केलेले श्राद्ध तिला पोहोचते असे मला वाटत नाही. परिवर्तनवादी मित्रांना मी हे स्पष्ट सांगतो. पण माझा विश्वास आहे की नाही, हा इथे मुद्दाच नाही. वडिलांची रक्षा नदीत न सोडताना चुलत्यांच्या श्रद्धेपुढे मी वडिलांची इच्छा मोठी मानली. तोच न्याय आईला लावताना माझी अश्रद्धा आड यावी, याला मी विवेक म्हणणार नाही.

एक बदल मात्र मी केला आहे. या दिवशी सवाष्ण जेवू घालतात, तिची ओटी भरतात. आईची सर्वांत जवळची मैत्रीण तरुणपणीच विधवा झाली होती, त्यामुळे आई तिला पंगतीला बोलावत नसे, झाकलेले ताट घरी पाठवत असे. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामसभेने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने सर्व ग्रामपंचायतींनी तो कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले, तेव्हापासून मी त्या मावशींना सवाष्णीशेजारच्या पाटावर बसवतो. पहिल्या वर्षी त्या ओटी घ्यायला तयार होईनात. माझ्या पत्नीने ती त्यांच्या पदरात घातलीच. आईला हे आवडले असते, असे छातीठोकपणे मी म्हणणार नाही. कदाचित ती कुरकुरली असती. पण दरवर्षी ते ताट तिनेच पाठवले होते, एवढा आधार मला पुरतो.

वडिलांचा दिवस 22 सप्टेंबर, कर्मवीरांची जयंती. ते हयातीत दरवर्षी आपल्या जुन्या शाळेत त्या दिवशी जात, एखाद्या मुलाची वह्या-पुस्तके किंवा गणवेश यांचा खर्च देत, आणि फलकावर नाव लिहू देत नसत. मी तेच करतो. हा दिवस पुष्कळदा पितृपंधरवड्यातच येतो, त्यामुळे एकाच आठवड्यात मला दोन्ही कामे उरकावी लागतात आणि मुख्याध्यापक मला आदल्या दिवशीची खीर आहे का, असे विचारतात.

मध्यंतरी भावकीतून सूचना आली होती की दोन्हींचा मेळ घालण्यासाठी गावच्या देवळाच्या नव्या सभामंडपात दोघांच्या स्मरणार्थ नावाची फरशी बसवावी. मी विचार केला आणि नको म्हणून कळवले. वडिलांनी देवळात नाव लावू दिले नसते, आणि ज्या नावावर लोकांचे पाय पडतील अशी फरशी आईने उंबऱ्याच्या आत येऊ दिली नसती. त्या दोघांचे एकमत झाले असते असा विषय मला एवढा एकच सापडला आहे.