निवृत्तीसाठी किती पुंजी लागेल?

जळगावात स्वतःचे घर असल्यामुळे भाडे वगळून आम्हा दोघांचा खर्च आज महिन्याला ३०,००० रुपये धरला, तरी वार्षिक ६ टक्के महागाईने तोच खर्च २० वर्षांनी सुमारे ९६,००० रुपयांवर जातो. अमेरिकी आर्थिक सल्लागार विल्यम बेंगन यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या, पहिल्या वर्षी पुंजीच्या ४ टक्के काढण्याच्या नियमानुसार वार्षिक खर्चाच्या २५ पट, म्हणजे जवळपास २ कोटी ८९ लाख रुपये लागतात. तो नियम अमेरिकी बाजाराच्या आकड्यांवर बेतलेला असल्याने मी ३० पट धरतो. पेन्शन असल्यास ती आधी खर्चातून वजा करावी. केळीच्या बागेचे उत्पन्न मात्र मी हिशेबात घेतलेले नाही, कारण करपा रोग आणि भाव, दोन्ही आपल्या हातात नसतात.