टबचा कंट्रोल बोर्ड, नोंद पाचवी: साठ किलोओहमचा चोर

मित्राच्या गरम पाण्याच्या टबाचा बिघडलेला कंट्रोल बोर्ड मी दुरुस्त करत आहे. मागील नोंदीच्या शेवटी मी ‘बोर्ड बरा झाला, आता केवळ झाकण लावणे बाकी’ असे लिहिले होते. ते वाक्य मी मागे घेत आहे. पुण्याबाहेर पौडजवळच्या त्या मित्राच्या घरी जाऊन बोर्ड टबाला जोडून आलो आणि दुसऱ्याच सकाळी पडद्यावर ‘एसएनएस’ ही अक्षरे उमटली. दोन्ही तापमान सेन्सरांचे आकडे जुळत नाहीत, असा त्यांचा अर्थ. साहजिकच हीटर सुरू झाला नाही. दुपारनंतर मात्र कोणी हातही न लावता तोच टब निमूटपणे चालू लागला. पुढचे तीन शनिवार-रविवार या एका दोषाने खाल्ले. तिसऱ्या नोंदीत बदललेला, हीटर चालू-बंद करणारा ३० अँपिअरचा रिले मात्र ३ किलोवॅटचा, म्हणजे सुमारे १३ अँपिअरचा, भार इतक्या शांतपणे वाहत आहे की त्याविषयी लिहिण्यासारखे काही उरलेले नाही.

आधी संशय अर्थातच सेन्सरांवर गेला. दोन्ही १० किलोओहमचे एनटीसी, म्हणजे तापले की रोध कमी होणारे सेन्सर, आहेत. त्यांची अदलाबदल केली, तरी चुकीचा आकडा बोर्डावरच्या त्याच, दुसऱ्या क्रमांकाच्या मार्गावर राहिला. म्हणजे सेन्सर निर्दोष होते. पण तोवर पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, तापकीर गल्लीतून, नवी जोडी आणून झाली होती. (तेथील दुकानदार ‘बी’चे मूल्य (तापमानाबरोबर रोध किती बदलतो ते सांगणारा आकडा) विचारले की केवळ ‘चालेल, चालेल’ म्हणतात, ते खरोखर चालणार की नाही, हे घरी गरम पाण्यात थर्मामीटर धरूनच पाहावे लागते.) त्यानंतर ५ व्होल्टच्या फिल्टर कपॅसिटरवर संशय घेऊन तोही बदलला. मग मायक्रोकंट्रोलरचाच आतील भाग गेला असावा, अशी खात्री पटू लागली आणि दोन रात्री झोप उडाली, कारण ती चिप प्रोग्रामसह बाजारात मिळत नाही. सर्वांत वैताग आणणारी गोष्ट अशी की कोथरूडला माझ्या टेबलावर बोर्ड आठ-आठ तास चालवला तरी एक अंशाचाही फरक दिसत नसे. पौडला नेला की सकाळी रुसवा ठरलेला.

शेवटी टेबलावरचे प्रयोग थांबवून एका शुक्रवारी तेथेच मुक्काम केला. सकाळी साडेसहाला, बाहेर पाऊस कोसळत असताना, दोन्ही सेन्सर काढून त्यांच्या जागी एक टक्का अचूकतेचे १० किलोओहमचे रोधक लावले. या बोर्डात सेन्सर ५ व्होल्टच्या बाजूने येणाऱ्या १० किलोओहमच्या रोधकाबरोबर ते ५ व्होल्ट आपसात वाटून घेतो, म्हणजे विभाजक बनवतो. त्यामुळे दोन्हीकडे नेमके अडीच व्होल्ट मिळायला हवेत. पहिल्या मार्गावर २.५० मिळाले, दुसऱ्यावर २.३१. गणित उलटे केले तर दुसऱ्या मार्गावर रोधकाला समांतर असा सुमारे ६० किलोओहमचा एक अदृश्य रोधक बसलेला होता. सेन्सरला वाटते पाणी २५ अंश आहे आणि बोर्डाला दिसते साडेअठ्ठावीस. पाणी ३८ अंशांवर गेले की सेन्सरचा स्वतःचा रोध पावणेसहा किलोओहमपर्यंत उतरतो, तेव्हा हाच चोर जेमतेम सव्वादोन अंशांची चूक घडवतो. थंड पाण्यात दोष अधिक का दिसतो, याचा उलगडा त्या कागदावर झाला आणि मी त्या मुक्कामातला तिसरा चहा अत्यंत समाधानाने प्यायलो.

घरी परतल्यावर मुख्य वीज पूर्ण तोडून, केवळ बेंच सप्लायचे (टेबलावरच्या वीजपुरवठा यंत्राचे) १२ व्होल्ट देऊन, सेन्सर न जोडता दोन्ही इनपुट मोजले. कोरड्या हवेत दोन्हीकडे ५ व्होल्टच्या आसपास. मग बोर्डावर तोंडाने उबदार, दमट श्वास सोडला, जसा आपण चष्म्याची काच पुसताना सोडतो. पहिला मार्ग हलला नाही. दुसरा झर्रकन ४.२ वर घसरला आणि अर्ध्या मिनिटात पुन्हा वर आला. हजारो रुपयांच्या उपकरणापेक्षा हा श्वास मला अधिक कामाचा वाटला. आपल्यापैकी ज्यांच्याकडे पावसाळ्यात ‘कधी होते, कधी होत नाही’ अशा तक्रारीचे बोर्ड येतात, त्यांनी तो आधी करून पाहावा.

दुसऱ्या सेन्सरचा कनेक्टर काढण्यासाठी मूळ शिसेविरहित सोल्डरात थोडे ६३/३७ (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसे) सोल्डर मिसळले. त्याचा वितळणबिंदू १८३ अंशच असल्याने पिना सहज सुटल्या. खाली चिकट तपकिरी थर होता आणि एका पिनेच्या कडेला हिरवट पांढरी भुकटी जमली होती. हा थर कोणाचा, हे ओळखायला मला वेळ लागला नाही. तिसऱ्या नोंदीत रिले बदलताना ‘हातासरशी सेन्सरच्या पिनाही पुन्हा तापवल्या’ असे मी मोठ्या दिमाखात लिहिले होते. त्या वेळी रोझिन (सोल्डर नीट धरावे म्हणून लावायची राळ) संपल्यामुळे हार्डवेअरच्या दुकानातली सोल्डरिंग पेस्ट वापरली होती. ती पत्र्याच्या कामाची, आम्लयुक्त पेस्ट असते आणि तिचे अवशेष हवेतला ओलावा ओढून घेतात. त्यात टबाच्या पेटीतली क्लोरीनची वाफ आणि पिनांमधला अखंड डीसी व्होल्टेज, मग तांबे खायला आणखी काय हवे?

आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) घासून श्वासाची परीक्षा पुन्हा घेतली, तर व्होल्टेज तरीही ४.६ वर आला. आयपीए रोझिन उत्तम विरघळवते, क्षारांपुढे मात्र ते तोकडे पडते. मग कोमट डिस्टिल्ड पाणी, जुना टूथब्रश, पुन्हा आयपीए आणि टेबललॅम्पखाली एक रात्र, असा क्रम केला. आता श्वासानंतरही व्होल्टेज ४.९९ च्या खाली येत नाही. (सॅनिटायझरने बोर्ड पुसणाऱ्यांनी त्यात बहुधा ग्लिसरीन असते हे लक्षात घ्यावे, ते मागे राहते आणि स्वतःच ओलावा धरून ठेवते.)

या दरम्यान एका कारागिराने ‘दुसऱ्या सेन्सरच्या जागी कायमचा रोधक ठोकून द्या, कटकट मिटेल’ असा सल्ला दिला होता. दुसरा सेन्सर हा अतितापाचा पहारेकरी आहे. ज्या पाण्यात माणसे बसतात, तेथे त्याला झोपवणे मला मान्य नाही. आणि ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीशिवाय (वीज गळू लागताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचशिवाय) तर मी त्या टबाचे झाकणही उघडत नाही.

आता संपूर्ण बोर्डावर ओलावा रोखणारा अॅक्रिलिकचा लेप मारायचा, असे ठरवून कनेक्टरांवर टेपही चिकटवली होती. पण हे लिहीत असतानाच तेथील राखणदार मामांशी फोनवर बोलणे झाले आणि बेत बदलला. सहज विचारले, तर ते म्हणाले, ‘रात्री मेन स्विच बंदच करतो की! उगाच वीज कशाला जाळायची?’ म्हणजे रात्रभर ट्रान्सफॉर्मर थंड, पेटी थंड आणि पहाटे सगळ्या बोर्डावर दमटपणा. दुपारपर्यंत ट्रान्सफॉर्मरच्या उबेने तो वाळत असणार. तेव्हा लेप तूर्त मारणार नाही, कारण दोन उपाय एकदम केले तर कोणता लागू पडला ते कळणार नाही. या शनिवारी केवळ धुतलेला बोर्ड बसवून येईन आणि मामांना मेन स्विच नेहमीप्रमाणे बंदच ठेवू देईन. रविवारी सकाळी सातला स्विच चालू करून पडद्याचे छायाचित्र पाठवण्याचे त्यांनी कबूल केले आहे. ‘एसएनएस’ पुन्हा दिसलेच, तर पुढच्या वेळी पहिल्या सेन्सरचा कनेक्टरही काढीन, कारण त्या दिवशी पेस्टचा ब्रश त्याच्याही पिनांवरून फिरला होता.