बैत म्हणजे घर

आज दादरला गझलेच्या कार्यशाळेला जाऊन आले. मतला, मक्ता, रदीफ, काफिया ही नेहमीची उजळणी झाली, ती सोडा. खरी मजा आली ती 'बैत' या शब्दात.

गझलेतल्या ज्या दोन ओळींना आपण शेर म्हणतो, त्यांना अरबीत बैत म्हणतात. बैत म्हणजे घर. आणि वाळवंटातलं घर म्हणजे तंबू. शेराची एकेक ओळ म्हणजे मिसरा, म्हणजे दोन झडपांच्या दाराची एक झडप! आमच्या गिरगावच्या चाळीत तशीच दारं होती. एक झडप कायम उघडी, दुसरीला आतून कडी.

आठव्या शतकात बसऱ्याच्या खलील इब्न अहमदने वृत्तांचं शास्त्र मांडलं, तेव्हा अक्षरगटांनाही त्याने तंबूतलीच नावं दिली. वतद म्हणजे खुंटी आणि सबब म्हणजे दोरी. हो, ऑफिसात उशीर झाला की आपण सांगतो तीच ही सबब. शब्द कुठून कुठे येतात बघा!

परतताना लोकलमध्ये वही उघडली. वरचे मिसरे ढीगभर आहेत, खालचे सुचत नाहीत. कुणाकडे जुळणारी झडप असेल तर इनबॉक्समध्ये पाठवा.