सिलिकॉन-कार्बन नॅनोफायबरचा ॲनोड: खरी परीक्षा भट्टीत

पीएचडीला लिथियम-आयन बॅटरीचा ॲनोड, म्हणजे चार्जिंगच्या वेळी लिथियम साठवणारा इलेक्ट्रोड, हा विषय घेतला, तेव्हा सिलिकॉनवर काम करायचं हे पक्कं होतं. ग्राफाइटची सैद्धांतिक क्षमता ग्रॅममागे 372 मिलिअँपिअर-तास, तर सिलिकॉनची साडेतीन हजारांच्या वर. अडचण एकच. लिथियम आत शिरलं की सिलिकॉन फुगून जवळपास चौपट होतं, बाहेर पडलं की आक्रसतं. यात कण फुटतात आणि वीज वाहून नेणाऱ्या तांब्याच्या पत्र्यापासून सुटतात. म्हणून सिलिकॉनचे नॅनोकण कार्बनच्या तंतूंत अडकवायचे.

डीएमएफ या द्रावकात पॉलिॲक्रिलोनायट्राइल हा पॉलिमर (तापवल्यावर याचाच कार्बन होतो) विरघळवून त्यात सिलिकॉन मिसळलं आणि गुठळ्या मोडेपर्यंत सोनिकेटरवर, म्हणजे ध्वनिलहरींनी ढवळणाऱ्या यंत्रावर, ठेवलं. इलेक्ट्रोस्पिनिंगला, म्हणजे विजेच्या दाबानं सुईतून द्रावणाचा बारीक धागा ओढायला, पंधराएक किलोव्होल्ट लागतात. पुण्यात पावसाळ्यात हवा दमट झाली की द्रावण सुईच्या तोंडाशीच थिजायचं, तेव्हा डीह्युमिडिफायरशिवाय काम होत नाही.

प्रयोगशाळेत येणारे सगळे सुईतून उडणारा धागा बघत उभे राहतात. माझ्या मते इलेक्ट्रोड ठरतो तो पुढे, भट्टीत. धागे साचून झालेली पांढरीशुभ्र चादर हवेत 280 अंश सेल्सिअसपर्यंत तापवायची, तीही मिनिटाला एक अंश या गतीनं. ती आधी पिवळी पडते, मग तांबूस, मग गडद तपकिरी. या वेळात पॉलिमरच्या साखळ्यांत कड्या जुळतात, म्हणून पुढच्या आचेत तंतू वितळत नाहीत. या क्रियेत स्वतःचीही उष्णता बाहेर पडते. घाई केली तर तंतू एकमेकांना चिकटतात आणि मधली मोकळी जागा जाते. सिलिकॉनला फुगायला तीच तर हवी असते. चादर आकसतेही, त्यामुळे कडा सिरॅमिकच्या पट्ट्यांखाली दाबून ठेवाव्या लागतात. मग आर्गॉन या निष्क्रिय वायूत 800 अंश, म्हणजे पॉलिमरचा कार्बन होतो.

हाती येतो काळा कागद. आमच्या मॅडम तो चिमट्यात धरून हलकेच वाकवून बघतात. कडा तडकली नाही, तरच चकत्या कापायच्या. कण चिकटवणारा बाइंडर नको, तांब्याचा पत्राही नको. ग्लव्हबॉक्समध्ये, म्हणजे हवा-ओलावा नसलेल्या बंद पेटीत, कॉइन सेल (नाण्याएवढी चाचणी बॅटरी) बांधायचा, इलेक्ट्रोलाइटमध्ये (लिथियम वाहून नेणाऱ्या द्रवात) थोडं फ्लुओरोएथिलीन कार्बोनेट घालायचं, ॲनोडवरचा थर टिकाऊ व्हावा म्हणून.

पहिल्या चार्जिंगमध्ये बरंच लिथियम पृष्ठभागावरचा थर बनण्यात खर्ची पडतं, ते अजून मला खटकतं. सेल उघडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर तंतू शाबूत होते. तंतूंबाहेर डोकावणारे कण मात्र फुटले होते. म्हणून आता एकात एक नळी असलेली सुई वापरते आहे: आत सिलिकॉन, बाहेर नुसता पॉलिमर.